शक्तीची बाटली

एकलहरे, १८ ऑगस्ट २००२

केरूभाऊजी,

अक्षर ओळखलं असेलच. लगेच चुलीत घालू नका, आधी वाचा. चूल कुठं पळून जात नाही.

‘पत्रास कारण की’ असं लिहून सुरुवात करतात. कारणाचं मी नंतर बघते, आधी खुशाली. अकरा वर्षांपूर्वी तुमच्या दादाचं तेरावं झाल्यावर तुम्ही मला आणि हर्षालीला रिक्षातून माझ्या भावाच्या दारात सोडून गेलात, तिथंच आहोत अजून. भिमाजी अजून वीज केंद्रात कामाला आहे. त्याच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत माझं शिलाई मशीन असतं. कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते. बायका दर दिवाळीला जाड होतात आणि माप मात्र लग्नातलं सांगतात, त्यामुळे उसवायचं कामही भरपूर असतं. हर्षाली बरी आहे. दहावीला गेली. कपाळ आणि हट्ट, दोन्ही तुमच्या भावाचे घेतलेत.

आता कारण. मला एकच विचारायचंय. मामंजी कशानं गेले?

मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजी भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसलेले होते. ‘विहिरीवरच्या मुंजानं धरलं,’ असं आक्का सांगायच्या. मुंजाला तूर्त बाजूला ठेवा. जायच्या आधी त्यांना धाप लागायची का? पाय सुजायचे का? उताणं झोपवत नाही म्हणून भिंतीला टेकून बसायचे का? तुम्ही तेव्हा मोठे होतात, तुम्हाला आठवत असणार.

का विचारते ते विचारू नका. जमिनीत वाटा मागायला लिहीत नाही, एवढा विश्वास ठेवा. तुमचा तो झेंडूचा वाफा मला फुकट दिला तरी नको आहे.

आक्कांना नमस्कार सांगा. नाही सांगितलात तरी चालेल.

सुवर्णा

एकलहरे, ५ सप्टेंबर २००२

केरूभाऊजी,

तुमचं उत्तर आलं नाही. म्हणून तुमच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन केला. दुकानदारानं तुम्हाला हाक मारली, तुम्ही आलात, मी हॅलो म्हटलं आणि तुम्ही ठेवून दिलात. दुसऱ्यांदा केला तेव्हाही तेच. म्हणून पुन्हा पत्र. पत्र खाली ठेवलं तरी ते गप्प बसत नाही, एवढा त्याचा फायदा.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. हर्षाली बरी नाही.

पावसाळ्यापासून तिला धाप लागायला लागली. इथं कुणालाही खोकला आला की बोट वीज केंद्राच्या चिमणीकडे जातं. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते, तर छातीत का बसणार नाही? डॉक्टरांनी दम्याचा फवारा दिला. मीही राखेलाच शिव्या दिल्या. तिला शाळेचा जिना एका दमात चढवेना, तेव्हाही राखच. रात्री उशीवर उशी रचून झोपायला लागली, तेव्हाही राखच. मग एक दिवस शाळेतून आली, बूट काढले, तर मोज्याचा वण पायात खोल रुतलेला. मी बोटानं दाबून बघितलं. खड्डा पडला आणि भरेचना.

भाऊजी, तो खड्डा माझ्या ओळखीचा होता. तसाच मोतीरामच्या पायावर पडायचा. उखाण्याबाहेर मी कधी त्यांचं नाव घेतलं नाही, पण आता घेते. आता कोण रागावणार आहे?

तिला तशीच नाशिकला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेली. बाई आहेत, वयानं माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी तिच्या छातीवर थंडगार जेल लावून टीव्हीसारख्या पडद्यावर तिचं हृदय दाखवलं. त्याला एको म्हणतात. पडद्यावर एक पिशवी हलत होती. हलत होती म्हणायचं, पण मशीन बंद केल्यावर चाक जसं उगाच थोडं फिरतं, तशी. मॅडम म्हणाल्या, हृदयाचा स्नायू पातळ पडून फुगलाय, दाबून रक्त पुढं ढकलायची ताकद राहिली नाही, म्हणून पाणी मागं साठतंय, पायात आणि फुप्फुसात. मला काही उमजेना. मी विचारलं, ‘परकराचं इलास्टिक सैल पडतं, तसं?’

‘तसंच,’ त्या म्हणाल्या.

सैल इलास्टिक मी रोज बदलते. म्हटलं, मग बदला. तर म्हणाल्या, ‘ते इतकं सोपं नाही. गोळ्यांनी आणखी सैल पडू नये एवढं बघायचं. काहींचं पुन्हा थोडं आवळूनही येतं. पण गोळ्या कायमच्या.’

‘कशानं झालं हे?’

‘माहीत नाही.’

मी चिडलेच. म्हटलं, एवढी मशीनं लावून बसलात आणि माहीत नाही? त्या शांतपणे म्हणाल्या, या आजारात पुष्कळदा कारण सापडतच नाही. कुणाला साध्या तापानंतर होतो, कुणाला दारूनं, कुणा बाईला बाळंतपणानंतर, कुणाच्या घराण्यात असतो. हर्षालीच्या बाबतीत बाकीचं काही दिसत नाही. ‘घरात आणखी कुणाला होतं का असं?’

म्हटलं, तिच्या वडिलांना.

‘ते कशानं गेले?’

माझ्या तोंडून काय निघालं सांगू? ‘माझ्यामुळं.’

हर्षाली शेजारीच बसली होती. मॅडमनी पेन खाली ठेवलं, तिला बाहेर पाठवलं आणि मला म्हणाल्या, सांगा. मग सांगावंच लागलं. तुम्हाला ते सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं तुम्ही कधी ऐकलं नाही, म्हणून लिहिते.

घट बसलेले होते. झेंडू तोडणीला आला होता आणि मी बाहेर बसले होते. त्या दिवसांत देवीच्या फुलांच्या वाफ्यात पाऊल टाकायचं नाही, हे मला काय कुणी शिकवायला नको होतं. पण त्यांना टोपलं उचलवत नव्हतं. बांधावर गुडघ्यांवर हात टेकून माशासारखं तोंड उघडत होते. मला बघवलं नाही. मी आत शिरले, टोपलं डोक्यावर घेतलं आणि बांधावर आणून ठेवलं. आक्कांनी पाहिलं. त्यांची नजर तेव्हा चांगली होती.

संध्याकाळी तुम्ही त्यांना लूनावर मागं बसवून नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलंत, शक्तीची बाटली लावायला. दसऱ्याच्या तोडणीआधी आपल्या घरचे पुरुष एकेक सलाईन लावून घेतात, मोटारीला ऑइल घालावं तसं. तुम्ही म्हणालात, ‘दादाला एकीनं भागायचं नाय, दोन लावा.’ भावासाठी इतकं करणारा भाऊ मी दुसरा पाहिला नाही. रागातसुद्धा हे मी कधी विसरले नाही.

पहाटे ते गेले. आक्का म्हणाल्या, ‘हिनं विटाळात देवीचा वाफा बाटवला, देवीनं माझा लेक नेला.’ सगळं गाव ऐकत होतं. तुम्ही खाली बघत उभे होतात.

आता कुणाला न सांगितलेलं सांगते. मीही ते खरं मानलं होतं. वरून भांडले, रडले, शाप दिले, पण आतून मला पटलेलं होतं. इथं दर नवरात्रात मी पाय जवळ ओढून कोपऱ्यात बसते, कशाला हात लागू नये म्हणून. भिमाजीची बायको हसते. तिला काय माहीत, मी माणूस मारून आलेली बाई आहे.

मॅडमनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही ते टोपलं उचलायच्या कितीतरी आधीपासून त्यांचं हृदय फुगत होतं. म्हणून तर त्यांना टोपलं उचलवत नव्हतं!’

एवढं साधं होतं, भाऊजी. हे मला अकरा वर्षांत सुचलं नाही. तुम्हालाही सुचलं नाही. मी मटकन बसले. खुर्चीत बसलेलीच होते, तरी बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोराचा पत्ताच नाही, आणि संन्याशीण आपणच दोर गळ्यात घालून बसलेली.

अजून माझं डोकं जागेवर नाही. परवा एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डावीकडच्याच लावल्या.

मॅडमना घराण्याची माहिती हवी आहे. मामंजींचं तेवढं कळवा.

सुवर्णा

एकलहरे, २४ सप्टेंबर २००२

केरूभाऊजी,

तुम्ही नाही कळवलंत, तरी मला कळलं. बिटको चौकात फुलं विकायला बसते ती सखुबाई तुमच्याच शिवारातली. तिच्याकडून वेणी घेता घेता विचारलं. म्हणाली, ‘खंडेरावबाबाचे पाय? अगं, मरायच्या आंदी वहान बसत नव्हती पायात. तुजी सासू गरम पान्यात मीठ टाकून शेकायची. लय दमायचा म्हातारा. म्हातारा तरी कुठं, चाळिशीचा गडी.’

म्हणजे मुंजाही सुटला. मामंजी, मोतीराम आणि आता हर्षाली. मॅडमना सांगितलं. त्यांनी तिन्ही नावं कागदावर एकाखाली एक लिहिली. मग म्हणाल्या, नक्की आत्ता कुणी सांगू शकणार नाही, पण हे घराण्यातून आलेलं असू शकतं, आणि घरात जेवढे रक्ताचे आहेत तेवढ्यांनी एको करून घ्यायला हवा. दुखत नसलं तरी. आतून फुगत असताना वरून माणूस धडधाकट दिसतो.

मी घरी येईपर्यंत हेच धरून होते की बाकी आता कोण आहे, केरूभाऊजी आहेत, त्यांना कळवू सावकाश. मग आठवलं, सखुबाई वेणी बांधताना आणखी काहीतरी बोलली होती. मी ऐकलं न ऐकलं केलं होतं. पुन्हा चौकात गेले.

‘केरूचा रविराज व्हय,’ ती म्हणाली. ‘पोलीस भरतीला चाललाय. रोज कालव्याच्या रस्त्यानं पळतो. पळून आला की वट्यावर आडवा पडतो, म्हनतो, आत्या, छातीत पाखरू फडफडतंय. मी म्हनलं, केळं खा.’

भाऊजी, रविराजला मी सोडून आले तेव्हा तो माझ्या पदराला फडक्यासारखं नाक पुसायचा. त्याला मी अजून तेवढाच समजत होते. तो एकोणीस वर्षांचा होऊन पळत असेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

त्याचा एको करून घ्या. भरतीच्या आधी. तोवर त्याला पळू देऊ नका. मी मॅडमचं नाव-पत्ता खाली लिहिलाय. माझ्याशी बोलायला नको, मी तिथं नसेन, माझा वार वेगळा आहे.

आणि आणखी एक. तोडणीआधीची बाटली त्याला लावू नका. हर्षालीच्या कागदावर मॅडमनी लाल पेनानं लिहून दिलंय, विचारल्याशिवाय सलाईन नाही. असं का, ते मला विचारू नका. विचारलंत तरी सांगणार नाही.

हर्षाली गोळ्यांनी जरा बरी आहे. पायावरची सूज उतरली. बिनमिठाचं जेवते आणि मला शत्रू समजते. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. आमची मुंगी निघाली तरी आहे, एवढं समाधान.

सुवर्णा

एकलहरे, ११ ऑक्टोबर २००२, पाचवी माळ

केरूभाऊजी,

सखुबाईला म्हटलं होतं, माझ्या दिराच्या कानावर घाल आणि तो काय म्हणतो ते जसंच्या तसं सांग. तिनं सांगितलं. तुमचा आवाजसुद्धा काढून दाखवला.

‘अकरा वर्सांनी हिला आमची आठवन झाली, ती माझं पोरगं पोलीस व्हाया निघालं तवा. हिच्या डोळ्यात खुपतंय ते. एको-बिको काय नाय. पोरगं दमलंय. सातव्या माळेला दोन बाटल्या लावनार हाय त्याला, मंग बघा मैदानात कसं पळतंय.’

मला जे बोललात त्याचं वाईट वाटलं नाही. वाटलं, पण ते नंतर. आधी मी फक्त ‘दोन’ ऐकलं. सखुबाईनं मला फुलांच्या टोपलीशेजारी बसवून पाणी पाजलं.

आता सांगते. सांगायचं नव्हतं. मागच्या पत्रात लाल पेनाचं लिहून थांबले ते त्यासाठीच. मला वाटलं होतं, एवढ्यावर भागेल.

मॅडमना मी विचारलं होतं, सलाईन का नाही? शक्तीच तर येते. त्यांनी मला समजावलं. मी तुम्हाला तुमच्या पद्धतीनं सांगते. विहीर काठोकाठ भरलीय. मोटार जळत आलीय, तिला पाणी उपसत नाही. अशा विहिरीत कुणी वरून आणखी पाणी सोडेल का? त्या बाटलीत शक्ती नसते, भाऊजी. पाणी असतं आणि मीठ असतं. धडधाकट माणूस ते दोनदा लघवीला जाऊन विसरतो. पण ज्याचं हृदय उपसत नाही त्याच्या फुप्फुसात ते चढतं. आतल्या आत बुडतो तो, कोरड्या खाटेवर. पहाटे मोतीरामच्या तोंडाला गुलाबी फेस आला होता. आक्का म्हणाल्या देवीचं कुंकू. मी मॅडमना फेसाचं सांगितलं, तर त्यांनी डोळे मिटले.

मी घरी कशी आले मला आठवत नाही. मशीनवर बसले होते, समोर सुई होती, आणि मला तुमचा आवाज ऐकू येत होता. दोन लावा.

आता खरं लिहिते. पहिल्या दिवशी मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला. अकरा वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते आयतं हातात आलं होतं. मनातल्या मनात तुमच्या ओट्यावर उभी राहून आक्कांना आणि सगळ्या गावाला ओरडून सांगितलं की बघा, कुणी मारलं ते. मनसोक्त ओरडले. आणि मग मला तुम्ही दिसलात. त्यांना लूनावर बसवताना पाठीला टोचू नये म्हणून घडी करून गोधडी लावणारे. वाटेत खड्डा आला की एक पाय जमिनीवर टेकणारे. तुम्ही त्यांना मारायला नेलं नव्हतं. जगवायला नेलं होतं. तुमच्या जागी मी असते तर मीही दोनच लावा म्हटलं असतं.

म्हणून ठरवलं होतं, हे माझ्याबरोबर जाईल. केरूभाऊजींना कधी कळू द्यायचं नाही. मला जे ओझं दिलं, ते मी त्यांच्या डोक्यावर ठेवणार नाही. पण तुम्ही रविराजला दोन बाटल्या लावायला निघालात. आता गप्प बसले तर दुसऱ्यांदा तेच होईल, आणि या वेळी मला आधी माहीत असेल.

मला काय म्हणायचं ते म्हणा. पांढऱ्या पायाची म्हणा, जळकी म्हणा. पण पोराला बाटली लावू नका आणि पळू देऊ नका. त्याला काही नसेलही. नसलं तर मी तुमच्या दारात येऊन सगळ्यांसमोर कान धरीन. मला तेच व्हायला हवंय, भाऊजी, कान धरायला मिळावेत.

हे पत्र सखुबाईच्या हातात देते. तिला सांगितलंय, तुमचं वाचून होईपर्यंत समोरून उठायचं नाही.

सुवर्णा

मखमलाबाद, १४ ऑक्टोबर २००२

वैनीला केरूचा नमस्कार.

मला तुमच्यासारखं लिवता येत नाय. जसं येतं तसं लिवतो.

सखुबाई पत्र देऊन म्होरं बसली. रविराजच्या आयनं, विमलनं, चहा ठेवला, तिनं घेतला नाय. मी दोनदा वाचलं. मंग गोठ्यात जाऊन बसलो. रविराज बूट बांधत होता, त्याला म्हणलं बूट काढ. तो का म्हणला. मी त्याच्या पायाशी बसून बूट काढून घेतले.

शनवारी त्याला तुमच्या डॉक्टरणीकडं नेला. त्याला बी हाय. हर्षालीएवढं नाय, सुरवात हाय म्हणल्या. बाटली लावून तसाच मैदानात पळाला असता तर काय झालं असतं इचारलं. त्या म्हणल्या, ते आता नका इचारू, तुम्ही आणलं ना त्याला. गोळ्या चालू केल्या. पळनं बंद, भरती बंद. पोरगं माझ्यासंगं बोलत नाय. तुमच्यावर बी चिडलंय. म्हनतो, काकीनं माझी वर्दी घालवली. मी म्हणलं, घालवू दे.

कशानं झालं म्हणून मी बी इचारलं. माहीत नाय म्हणल्या. मला बी म्हणल्या, तुमचा एको करा. मी म्हणलं तोडनी झाल्यावर बघू.

आक्काला आता दिसत नाय. तिला सगळं पत्र वाचून दाखवलं. ती चाचपडत उठली. घटाम्होरं बसून ऱ्हायली. आठवी माळ तिनं बांधलीच नाय, विमलनं बांधली.

एक इचारतो. डॉक्टरणीला इचारायची हिंमत झाली नाय. वैनी, एकच बाटली लावली असती तर दादा ऱ्हायला असता का?

तुम्हाला ठावं नाय, मी कुनालाच सांगितलं नाय. दुसरी लावताना दादा नको म्हणत होता. छाती भरल्यागत होतंय म्हणला. मी म्हणलं गप पड. तो गप पडला.

तुम्ही बाहेर बसला व्हता न्‌ वाफ्यात गेला, हे आक्का बोलली तवा मला बरं वाटलं व्हतं. कारन मला आतून भ्या वाटत व्हतं. म्हणून मी बोललो नाय.

उत्तर द्या. खरं द्या.

सखुबाईसंगं झेंडू पाठवतो. त्याच वाफ्यातला हाय.

केरू

एकलहरे, १५ ऑक्टोबर २००२, दसरा

केरूभाऊजी,

झेंडू मिळाला. पत्र मिळालं. सखुबाई दारातूनच टोपली देऊन गेली. मी पायरीवर बसून वाचलं आणि बराच वेळ उठले नाही. हर्षालीनं विचारलं, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही गं, कुणी गेलं नाही. रविराज आहे, हे मला पुन्हा पुन्हा वाचावं लागलं. त्याला आजार आहे हे वाचून रडले, आणि तो आहे हे वाचून रडले.

कान धरायला मिळाले नाहीत. राहिले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हाच प्रश्न मी मॅडमना तुमच्या आधी विचारून ठेवला होता. एकच लावली असती तर? एकही लावली नसती तर? मॅडम म्हणाल्या, बाटल्यांनी वाईटच केलं, यात शंका नाही. पण त्यांचं हृदय तेव्हाच शेवटाला आलेलं होतं आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. बाटली नसती तर त्यांनी दिवाळी बघितली असती, की दुसऱ्या दिवशी वाफ्यातच कोसळले असते, हे सांगता येत नाही. खरं मागितलंत, माझ्याकडे एवढंच खरं आहे.

ते नको म्हणत होते, हे मला माहीत नव्हतं. ते वाक्य मी वाचलं आणि पत्र उलटं करून ठेवलं. मग सरळ केलं. ते काहीच खायला, प्यायला, घ्यायला आधी नको म्हणायचे. त्यांच्या नको म्हणण्याकडे मीही कधी लक्ष दिलं नाही.

तुम्हाला आता एक कारण हवंय, तुमचं नाव लिहिलेलं. ते मी देणार नाही. मला तुमच्या घरानं तसलं एक दिलं होतं आणि ते उराशी घेऊन कसं जगावं लागतं हे मला चांगलं ठाऊक आहे. मॅडम ‘माहीत नाही’ म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्या अंगावर गेले होते. आज मला तेच बोलणं सगळ्यात प्रामाणिक वाटतं. ते तुम्ही घ्या. माहीत नाही. मला त्या वेळी कुणी एवढं जरी म्हटलं असतं, तरी मी सुखानं जेवले असते.

रागाचं म्हणाल तर तो आहे. तो बाटल्यांचा नाही. तुम्हाला बरं वाटलं म्हणून तुम्ही गप्प उभे राहिलात, त्याचा आहे. त्याचं कारण मला माहीत आहे, तुम्हीच लिहून दिलंत. तो कधी जाईल सांगता येत नाही. पण तुम्ही लिहून दिलंत, हेही मी बाजूला जपून ठेवलंय.

आता तुमचा एको. तोडणी संपली, निमित्तही संपलं. येत्या सोमवारी हर्षालीचा वार आहे, त्याच दिवशी रविराजला घेऊन या. मी तिथंच असणार, माझा वार वेगळा बिगळा काही नाही. त्याला म्हणावं, काकीला काय शिव्या द्यायच्या त्या तिथं दे, पण बसून दे. विमलला सांगा, भाजीतलं मीठ एकदम काढू नका, थोडं थोडं कमी करा, नाहीतर पोरं जेवायचीच नाहीत. आक्कांना सांगा, सुवर्णा विचारत होती.

तुमच्या झेंडूचं तोरण केलं. आज माझा बाहेर बसायचा दुसरा दिवस आहे. भिमाजीची बायको म्हणाली, ‘द्या ताई, मी ओवते.’ मी दिलं नाही. सुईदोरा हा माझा धंदा आहे. त्या वाफ्यातलं एकेक फूल हातात घेतलं, ओवलं, स्टुलावर चढले आणि दाराला बांधलं. हर्षाली पायरीवर बसून बघत होती. मग तिनं गोळी घेतली, बिनमिठाच्या वरणाला नाक मुरडलं, तरी दोनदा वाढून घेतलं आणि पुस्तक घेऊन आडवी झाली. एकाच उशीवर.

कुणाला काही झालं नाही.

सुवर्णा